कोण हा हॅल्वर?

८ सप्टेंबर २०२४, रविवार

सत्यजित खोटे सांगतो आहे. मी ताटावरून उठलो नाही!

राधिकेच्या या भावाने आज सकाळी सांगलीच्या यच्चयावत नातलगांना फोन करून कळवले, की काल गणपतीच्या जेवणात 'काका भडकले, ताट ढकललं आणि तरातरा वर निघून गेले.' तीन विधाने आणि तिन्ही अशुद्ध. मी भडकलो नव्हतो. मी एक प्रश्न विचारला होता. ताट मी ढकलले नाही. ताटातले सर्व संपले होते, आणि रिकामे ताट चार बोटे पुढे सरकवणे याला मराठीत ढकलणे म्हणत नाहीत. वर गेलो हे खरे, परंतु मुखशुद्धीनंतर. आणि तरातरा? या गुडघ्यांनी?

घडले ते असे. राधिका माझी सून. माझा मुलगा प्रसाद गेल्यापासून अमेरिकेतले हे घर तीच चालवते. मोदकावर तूप वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, मी आणि लार्सने फेब्रुवारीत लग्न करायचं ठरवलंय." मी म्हणालो, "उत्तम." (हे सत्यजित सांगत नाही.) लार्स समोरच बसला होता, हाताने मोदक फोडण्याच्या खटपटीत. राधिका पुढे म्हणाली, "आणि नंतर लार्स अनिकाला अडॉप्ट करेल. लीगली."

तेव्हा मी लार्सकडे वळलो आणि इंग्रजीत विचारले, की आपल्या आडनावाचा अर्थ काय? तो म्हणाला, "हॅल्वरसन? हॅल्वरचा मुलगा." मी विचारले, हा हॅल्वर कोण? त्याने खांदे उडवले. "असेल कोणीतरी."

असेल कोणीतरी! माझ्या नऊ वर्षांच्या नातीला जे नाव चिकटवायचे, त्या नावाचा धनी कोण — तर असेल कोणीतरी!

१० सप्टेंबर

राधिकेने आज ऑफिसला जाण्याआधी माझ्यासमोर चहा ठेवला आणि स्वतःही बसली. ती बसली म्हणजे विषय गंभीर. एरवी ती चहा उभ्याने पिते.

"मला उद्या काही झालं तर अनिका कोणाकडे, बाबा?"

"माझ्याकडे."

"तुम्ही एक्क्याऐंशीचे आहात."

"मग सत्यजितकडे."

"त्याने आणलेला कुत्रा महिन्याभरात परत केला. लार्स तिला रोज शाळेतून आणतो, पोहायला नेतो, पण कागदावर तो तिचा कोणीच नाही."

मी विचारले, दत्तक गेल्यावर अनिकाच्या जन्मदाखल्यावर पित्याच्या रकान्यात काय राहील? ती म्हणाली, की नवा दाखला निघतो. त्यावर लार्सचे नाव येते. जुना कोर्ट सील करते.

म्हणजे माझ्या मुलाचे पितृत्व पाकिटात घालून वरून लाख लावायची! प्रसाद या रेडमंड गावाच्या सायकलमार्गावर कोसळला, त्यावेळी अनिका सहा वर्षांची नव्हती. तिला त्याचा आवाज तरी आठवतो की नाही, देव जाणे. उरले आहे ते नाव. तेही कोणा हॅल्वरच्या हवाली करा!

"तुमचं 'हो' असल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही," राधिका म्हणाली. कप विसळला आणि गेली.

म्हणजे सर्व माझ्यावर. सोयीची व्यवस्था आहे.

१४ सप्टेंबर

ग्रंथालयात गेलो होतो. लार्सला जे पन्नास वर्षांत कळले नाही, ते मला दुपारच्या चहाआधी कळले.

मूळ शब्द हॅल्वर नव्हेच. हलवर्द. हल्ल म्हणजे खडक आणि वर्द म्हणजे राखणदार. खडकाचा राखणदार! खडक कोण चोरून नेणार होते, याचा खुलासा ग्रंथात नाही.

पुढे तो 'सन', मूळचा 'सेन'. म्हणजे पुत्र. पूर्वी या लोकांना आडनावच नव्हते. ओलेचा मुलगा निल्स, तर तो निल्स ओलसेन. निल्सचा मुलगा पेदर, तर तो पेदर निल्ससेन. मुलगी असेल तर 'दात्तर', म्हणजे दुहिता. शिवाय राहत्या मळ्याचे नाव मागे लावीत, जसे आपल्याकडे गावाला 'कर' जोडतात. इथपर्यंत ठीक. किंबहुना शिस्तबद्ध. मग १९२३ साली नॉर्वेत कायदा झाला, की प्रत्येक कुटुंबाने एकच आडनाव धरून बसावे. अमेरिकेत आलेल्यांनी तर त्याआधीच धरले होते. जो ज्या नावाने बोटीवरून उतरला, त्याच नावाने त्याची पणतवंडे ओळखली जातात.

याचा अर्थ असा, की लार्स हा हॅल्वरचा मुलगा नव्हेच! त्याच्या बापाचे नाव आर्ने. तो आर्नेसेन. आणि त्याची बहीण, दोन लेकरांची आई, तीसुद्धा 'हॅल्वरचा मुलगा'!

आमच्याकडे हा घोळ नाही. नाव, बापाचे नाव, आडनाव. अनिका प्रसाद पाळंदे. बाप मधोमध जिवंत बसलेला असतो. नाव कसे असावे, तर असे.

१५ सप्टेंबर

लार्सला सकाळी 'मिस्टर आर्नेसेन' अशी हाक मारली. त्याने ओ दिली! वर म्हणाला, "ऐकायला बरं वाटतं."

चिडवण्याचीही सोय नाही.

२२ सप्टेंबर

पाऊस. लार्सने छपराची पन्हाळी साफ केली. न विचारता. उजवीकडची अर्धवट.

२८ सप्टेंबर

अनिकाला सहज विचारले, तुझे पूर्ण नाव सांग. "अनिका पी. पालांडे." मी म्हणालो, 'पी' नव्हे, प्रसाद. आणि पालांडे नव्हे, पाळंदे. जीभ टाळ्याला लाव. ती म्हणाली, "आजोबा, नो वन सेज द होल थिंग." मी म्हणालो, मी म्हणतो. ती म्हणाली, "यू आर वन पर्सन."

हिशेब बरोबर आहे.

५ ऑक्टोबर

लार्सच्या आईला भेटून आलो. सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड भागात राहतात. वय चौऱ्याऐंशी, नाव इंगा. नॉर्वेजियन मंडळाच्या स्वयंपाकघरात लेफ्से करीत होत्या. बटाट्याची पोळी. पोळी म्हणावी तर पुरण नाही, पापड म्हणावा तर कुरकुरीत नाही. तव्यावरून उलटण्यासाठी हातभर लांब पट्टी लागते. पीठ सरळ हातांना जमत नसले, की अवजारे वाढतात.

इंगाबाईंनी मला उभे ठेवले नाही. लाटणे हातात दिले. लाटण्यावर खाचा! "लाटा," म्हणाल्या. "बोलायला आला आहात ना? बोलत बोलत लाटा."

मी सर्व मांडले. खडक, राखणदार, सेन, दात्तर, १९२३. आपला मुलगा वास्तविक आर्नेसेन आहे, हेसुद्धा. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. आर्नेशी लग्न मीच केलं होतं."

मग मी आमची पद्धत सांगितली. बापाचे नाव मध्यभागी, अढळ.

"मुलीच्याही?"

"अर्थात."

"लग्न झाल्यावरही?"

इथे मी पोळी जरा जास्त दाबली. ती फाटली. लग्नानंतर मुलीच्या नावातले बापाचे नाव जाते आणि त्या जागी नवऱ्याचे येते, हे मला सांगावे लागले. आडनावही बदलते. पूर्वी तर मुलीचे स्वतःचे नावही बदलत. नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहीत असे. मी काही लपवीत नाही.

इंगाबाईंनी हातातली पट्टी ओट्यावर ठेवली. "माझी पणजी सिग्री ओलसदात्तर होती. दोनदा लग्न झालं. मेली तेव्हाही ओलसदात्तरच. दगडावर तेच कोरलंय. तुमच्या पद्धतीने तुमच्या नातीजवळ बाप किती दिवस राहणार? एखादा चांगला मुलगा भेटेपर्यंत!"

स्वयंपाकघरातल्या सगळ्या म्हाताऱ्या हसल्या. मला नॉर्वेजियन येत नाही, परंतु हसण्याला भाषा लागत नाही.

कॉफी पाणचट होती.

६ ऑक्टोबर

काल उत्तर सुचले नाही. आज सुचले: पद्धत ही पद्धत असते. कालच सुचले असते तरी त्याला कोणी उत्तर म्हटले नसते.

२ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ. अस्मिता नावाची राधिकेची मैत्रीण म्हणाली, "काका, हॅल्वरसन कूल वाटतं ना, एकदम व्हायकिंग!" मी सांगितले, व्हायकिंग हे आडनाव नसून व्यवसाय होता आणि व्यवसाय लुटारूंचा होता. ती चकली घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

राधिकेने दत्तकाचा विषय काढला नाही. काढत नाही. तेच अधिक बोचते.

१० डिसेंबर, मंगळवार

आजचे क्रमवार लिहिले पाहिजे. सत्यजितच्या आधी.

राधिका कामासाठी विमानाने निघालेली. तिचा फोन बंद. दुपारी शाळेतून फोन आला, की अनिका मैदानातल्या लोखंडी दांडीवरून पडली, मनगट वाकडे झाले आहे. लार्सने तिला उचलले, मला घरून घेतले आणि रुग्णालयात नेले. गाडीत ती रडत नव्हती. पांढरी पडली होती. रडली असती तर बरे झाले असते.

हाड सरकले होते. गुंगी देऊन जागेवर बसवावे लागेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुखणे कमी होण्याचे औषध लगेच दिले. मग एक बाई संगणक ढकलीत आली. आई कुठे? विमानात. तिने लार्सकडे पाहिले. अनिका त्याच्याच मांडीवर डोके ठेवून पडली होती. "तुम्ही वडील ना?" तिने विचारले. बोटे कळांवर टेकलेली. 'हो' म्हटले, की काम पुढे गेलेच.

लार्स म्हणाला, "नाही. तिच्या वडिलांचं नाव प्रसाद. ते वारले. मी तिच्या आईशी लग्न करणार आहे."

मूर्ख! केवढा मूर्ख माणूस! एक अक्षर बोलायचे होते!

बाईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मी सख्खा आजोबा. पाळंदे. कुटुंबात तेवढा मीच. तिने अत्यंत सौजन्याने विचारले, की कोर्टाने दिलेले पालकत्वाचे पत्र आहे का? नव्हते. जीव धोक्यात असता तर थांबलो नसतो, म्हणाली. पण गुंगीसाठी आईचा होकार हवा. फोनवर चालेल. विमान उतरू द्या.

मग आम्ही बसलो. एकीकडे मी, एकीकडे तो, मध्ये अनिका. दोघांचाही कागदोपत्री उपयोग शून्य. ती मधूनमधून विचारी, "हॅज आई लँडेड?" आणि आम्ही दोघे एकदम म्हणत असू, "आत्ता. आत्ताच."

एकदा औषधाचा अंमल उतरला, तेव्हा ती ओरडली. त्यावेळी मात्र मी त्याला म्हणालो, "हो म्हणायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, "सर, ती ऐकत होती."

१२ डिसेंबर

हात बरा आहे. हिरवे प्लास्टर. त्यावर वर्गातल्या मुलांनी नावे लिहिली आहेत. मला म्हणाली, तुम्ही पण. मी देवनागरीत लिहिले: त्र्यंबक सदाशिव पाळंदे. जागा पुष्कळ लागली. लार्सचे नाव काठावर गेले.

१३ डिसेंबर

राधिकेला 'हो' सांगितले.

तिने मिठी मारली. भाजी करपली. दोन्ही टाळता आले असते.

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

लग्न झाले. हॉल भाड्याचा, भटजी भाड्याचे, मंत्रोच्चार त्याहून भाड्याचे. 'धर्मे च अर्थे च' हे एवढे तरी धड म्हणावे! मी मोठ्याने दुरुस्त केले. भटजी म्हणाले, "काका, तुम्हीच सांगता का पुढचं?" सांगितले.

लार्सने फेटा वाकडा बांधून घेतला. इंगाबाईंनी नऊवारी नेसायचा हट्ट धरला आणि अस्मिताने पुरवला. बाईंनी अक्षता नेमक्या माझ्या चष्म्यावर मारल्या. नेम वाखाणण्यासारखा.

सत्यजितने आता सांगलीला कळवले आहे, की काका रडले. हॉलमध्ये ऊद फार जाळला होता. नोंद असू द्यावी.

१४ मे

कोर्टाचे काम झाले. न्यायाधीशीणबाईंनी अनिकाला विचारले, तुला हे हवे आहे का? अनिका म्हणाली, "येस, प्लीज." मग म्हणाली, "पण माझा आधीचा बाबा पण बाबाच आहे ना?" हे मराठीत! भर कोर्टात. लार्सने भाषांतर करून सांगितले. क्रियापद चुकवले, पण आशय पोचवला.

न्यायाधीशीणबाई म्हणाल्या, ते कोर्ट बदलू शकत नाही.

बोलायला सर्वांना छान येते.

३ जून

नवा जन्मदाखला आला. नाव: अनिका प्रसाद हॅल्वरसन. मधले नाव राधिकेने राखले. शाळेच्या यादीत त्याचे पुन्हा एक अक्षर होईल. पी. पिता: लार्स आर्ने हॅल्वरसन.

दोनदा वाचला. शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष आहे. असत्य आहे, एवढेच.

माझ्या मुलाने ज्या मुलीला पहिली आंघोळ घातली, रात्रभर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, तिच्या जन्माच्या कागदावर तो नाही. कधी नव्हताच, असा तो कागद म्हणतो. लार्स स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायला आला. मी म्हणालो, आज नको.

तो गेला. एवढे कळते त्याला.

८ जून

राधिकेने सांगितले, की तिला दिवस गेले आहेत. मुलगा आहे. वयाच्या चाळिशीत! मी तिला पायऱ्या जपून उतर म्हणालो. आणखी काय म्हणणार?

ग्रंथालयातल्या पुस्तकात स्पष्ट आहे: पहिला मुलगा हा बापाच्या बापाचे नाव घेतो. म्हणजे आर्ने. आर्ने लार्स हॅल्वरसन. नखशिखांत हॅल्वरसन. या घरात आता चार हॅल्वरसन आणि एक पाळंदे. तोही एक्क्याऐंशी सरलेला.

माझे काही म्हणणे नाही. बाळाचा दोष काय? उच्चाराची सवय मात्र आतापासून करतो आहे. आर्ने. आर्ने. 'र' अर्धवट गिळावा लागतो. गिळतो आहे.

१७ ऑगस्ट

इंगाबाई आल्या होत्या. मी 'आर्ने' हा उच्चार करून दाखवला. बरोबर आहे का, विचारले. त्या म्हणाल्या, "उच्चार चांगला आहे. पण फार मेहनत घेऊ नका."

उद्धट बाई.

१ नोव्हेंबर, शनिवार

इंगाबाई सकाळपासून दिवाणखान्यात ठाण मांडून बसल्या आहेत आणि नॉर्वेपर्यंतच्या नातलगांना फोन करीत आहेत. प्रत्येकाला प्रथम पद्धत समजावतात. त्यांच्यात म्हणे, विधवेने पुन्हा लग्न केले, तर नव्या घरातल्या पहिल्या मुलाला तिच्या वारलेल्या नवऱ्याचे नाव द्यायचे. ते द्यायचे दुसऱ्या नवऱ्याने. त्याच्या बापाचा क्रमांक नंतर. हे माझ्या पुस्तकात नव्हते. लार्सला लहानपणापासून ठाऊक होते. मला कोणी सांगितले नाही.

पद्धत त्या बरोबर सांगतात. तारखा मात्र चुकवतात. त्या दुरुस्त करून ठेवतो:

प्रसाद त्र्यंबक पाळंदे, जन्म सांगली, ११ जून १९८१. (१९८३ नव्हे.)

त्याचे राधिकेशी लग्न, २ डिसेंबर २०११. (२०१२ नव्हे.)

अनिकाचा जन्म, २६ जुलै २०१५. (जून नव्हे.)

प्रसादचा मृत्यू, रेडमंड, १७ एप्रिल २०२१. (२०२० नव्हे.)

राधिका व लार्स यांचे लग्न, १५ फेब्रुवारी २०२५. (१४ नव्हे. तो कसलासा बाजारू दिवस असतो.)

प्रसाद लार्स हॅल्वरसन, जन्म रेडमंड, ३० ऑक्टोबर २०२५, गुरुवार. (३१ नव्हे. मी तिथे होतो.)